‘हेड गॅस्केट गेलंय’ सांगून माझ्याकडून २८ हजार घेतले

गेल्या मे महिन्यात कणकवलीहून कोल्हापूरला परत येताना फोंडा घाटात माझी गाडी तापली. त्यानंतर मी एका गॅरेजला २८ हजार रुपये दिले. खरा बिघाड रेडिएटरच्या पंख्याच्या वायरीत होता, आणि तो पुढे साडेचारशे रुपयांत निघाला. हे सगळं सविस्तर लिहितेय, कारण घाटात गाडी तापली की माणूस घाबरलेला असतो, सोबत लेकरू असतं, म्हातारं माणूस असतं. नेमकी तीच वेळ साधून हे केलं जातं.

गाडी २०१६ची, छोटी, पेट्रोलवरची. गाडीत मी, सहा वर्षांचा मुलगा आणि आई. मागे आंब्याच्या चार पेट्या. दुपारची वेळ, एसी चालू, पुढे दोन ट्रक रांगत चाललेले. घाट निम्मा चढून झाला असेल, तेवढ्यात एसीची हवा कोमट झाली आणि पाठोपाठ इंजिनाच्या तापमानाची सुई लाल रेषेकडे सरकली. बॉनेटच्या कडेनं वाफ दिसायला लागली. आई म्हणाली, “गो, वाफ येता हा, झिलाक आधी खाली उतरय.”

गाडी बाजूला घेतली. मी रेडिएटरचं झाकण उघडायला निघाले होते. मागून आलेल्या टेम्पोवाल्या दादांनी लांबूनच ओरडून थांबवलं, म्हणून माझा चेहरा शाबूत आहे. रेडिएटरमधलं पाणी दाबाखाली असतं, त्यामुळे ते शंभर अंशांच्या वर जाऊनही उकळत नाही. झाकण सैल केलं की दाब जातो आणि सगळं पाणी एका क्षणात उकळून तोंडावर येतं. त्यांनी आम्हाला पाऊण तास नुसतं बसायला लावलं. मग झाकणावर ओलं फडकं टाकून हळूहळू उघडलं, पिण्याच्या पाण्याच्या बाटल्या आत ओतल्या आणि सांगितलं, एसी बंद ठेवा, हीटर पूर्ण चालू करा, काचा उघड्या टाका. भर उन्हात हीटर लावायचा, हे ऐकून आईला नवल वाटलं. पण हीटर इंजिनाचीच उष्णता गाडीत ओढून घेतो, तेवढाच इंजिनाला हलकेपणा. सुई थोडी खाली आली. दाजीपूर, राधानगरी मागे टाकून आम्ही पुढे आलो आणि रस्त्याला लागलेल्या एका गॅरेजात थांबलो.

तिथल्या माणसानं रेडिएटर पाण्यानं काठोकाठ भरला, झाकण न लावता इंजिन चालू केलं आणि मला जवळ बोलावलं. “हे बघा ताई, बुडबुडे. इंजिनातला गॅस पाण्यात येतोय. हेड गॅस्केट गेलं तुमचं.” हेड म्हणजे इंजिनाचा वरचा भाग. तो आणि खालचं इंजिन यांच्यामध्ये गॅस्केटची पातळ पट्टी बसते, तिला प्रत्येक सिलेंडरसाठी एक मोठं भोक असतं. ती गेली की गॅस पाण्यात किंवा पाणी ऑइलात जाऊ शकतं. खरंच बुडबुडे येत होते. मग त्यानं ऑइलचं झाकण काढून आतला पांढुरका थर दाखवला. “ऑइलात पाणी गेलंय. अशीच चालवलीत तर इंजिन जाम होणार.” एकापाठोपाठ दोन पुरावे, तेही माझ्याच डोळ्यांसमोर. मी विश्वास ठेवला.

हे दोन्ही पुरावे कसे फसवे आहेत, ते नंतर कळलं. रिकामी झालेली यंत्रणा नुकतीच भरली की आत अडकलेली हवा बाहेर पडते आणि बुडबुडे येतातच. इंजिन तापून थर्मोस्टॅट, म्हणजे रेडिएटरकडचं पाणी अडवणारी झडप, उघडला, पाणी फिरलं, हवा निघून गेली की ते थांबतात. गॅस्केट गेलं असेल तर थांबत नाहीत, रेस दिली की उलट वाढतात. माझ्यासमोर इंजिन जेमतेम दोन मिनिटं चालू ठेवलं आणि बंद केलं. ऑइलच्या झाकणाखालचा पांढुरका थर तर गाडी रोज शाळा-बँक-घर एवढीच फिरत असेल तरी जमतो, वाफ गार होऊन. खरं बघायचं असेल तर ऑइलची पट्टी काढून बघावी. तिच्यावरचं ऑइल दूध घातलेल्या चहासारखं दिसलं तर काळजी. माझी पट्टी त्यानं काढलीच नाही.

एस्टिमेट आलं ४१,५०० रुपयांचं. हेड फेसिंग (हेड घासून सपाट करणं), गॅस्केट सेट, वॉटर बॉडी (पाण्याचा पंप), नवा रेडिएटर, तीन लिटर कूलंट (रेडिएटरमध्ये भरायचं द्रावण), मजुरी. घासाघीस करून २८ हजारांवर ठरलं. बारा हजार यूपीआयनं दिले, बाकीचे गाडी न्यायला येईन तेव्हा रोख, असं त्याचंच म्हणणं. आंब्याच्या पेट्या घेऊन आम्ही एसटीनं घरी आलो. दुसऱ्या दिवशी व्हॉट्सअॅपवर फोटो आला: काळं पडलेलं, जळालेलं गॅस्केट, खाली जुनं वर्तमानपत्र. “ताई, बघा काय अवस्था होती.” मी त्याला धन्यवाद लिहिले.

चौथ्या दिवशी गाडी मिळाली. बिल साध्या वहीच्या कागदावर, जीएसटी नंबर नाही. गाडी मात्र छान चालत होती, सुई मध्यापर्यंतही येत नव्हती. ही चांगली खूण आहे असं मला वाटलं, आणि इथंच मी तुम्हाला थांबवते. दुरुस्तीनंतर सुई पूर्वीपेक्षा फार खाली राहायला लागली, इंजिन गरम व्हायला बराच वेळ घ्यायला लागलं, पेट्रोल जास्त जायला लागलं, तर बहुधा कुणीतरी थर्मोस्टॅट काढून टाकलाय. इंजिन तापेपर्यंत रेडिएटरकडचा रस्ता बंद ठेवणं हे त्याचं काम. साधारण ८२ ते ८८ अंशांना तो उघडतो. तो काढला की पाणी सतत फिरतं, गाडी मोकळ्या रस्त्यावर गार राहते आणि मूळ दुखणं झाकलं जातं. ही जुनी युक्ती आहे. इंजिन कायम कमी तापमानावर चालणं मात्र त्याच्या तब्येतीला चांगलं नाही.

पंधरा दिवसांनी दसरा चौकात, सिग्नलच्या गर्दीत, सुई पुन्हा चढली. एसीची हवा पुन्हा कोमट.

वडिलांच्या ओळखीचे एक मिस्त्री उद्यमनगरात आहेत, आम्ही त्यांना मामा म्हणतो. त्यांनी सगळ्यात आधी विचारलं, “एसी कवा गार देत न्हाई? गाडी हुबी असताना का पळताना?” उभी असताना. घाटातसुद्धा गाडी जवळजवळ उभीच होती. ते म्हणाले, “मग पंखा बघायला पायजे हुता पहिल्यांदा.” पळत्या गाडीत वारा आपोआप रेडिएटरमधून जातो. गाडी हळू झाली की ते काम पंखा करतो, आणि माझ्या गाडीत एसीला आणि रेडिएटरला तो एकच पंखा आहे. त्यांनी एसी चालू करून पुढं वाकून बघितलं, पंखा हलत नव्हता. पंख्याच्या मोटरचा कपलर, म्हणजे वायरी जोडणारा प्लग, तापून वितळला होता. नवा कपलर, वीतभर वायर, मजुरी धरून साडेचारशे रुपये. कणकवलीला जायच्या आधी आठवडाभर सिग्नलला एसी कोमट होतोय हे मला जाणवत होतं. गॅस कमी झाला असेल असं धरून मी सोडून दिलं होतं. उभ्या गाडीत एसी कोमट आणि चालत्या गाडीत गार, असं कुणाकडे होत असेल तर कृपा करून आधी पंखा बघून घ्या.

मग मामांनी बाकीचं काम तपासलं. टॅपेट कव्हरच्या, म्हणजे हेडवरच्या झाकणाच्या कडेला धूळ आणि तेल मिळून जमलेली वर्षानुवर्षांची पुटं जशीच्या तशी होती. कव्हर काढल्याशिवाय हेड निघत नाही. बोल्टच्या डोक्यांवर पान्याची ताजी चकाकी कुठंच नाही. “हेडला कुणी हात बी लावल्याला न्हाई.” वॉटर बॉडी जुनीच. ‘नवा’ रेडिएटर काळ्या स्प्रेनं रंगवलेला, पण त्याच्या प्लास्टिकच्या टाकीवर तारखेचा गोल शिक्का असतो, तो रंगाखाली हाताला लागला: २०१६. थर्मोस्टॅटची जागा रिकामी. कूलंट म्हणून भरलेलं पाणी हिरवट होतं, पण बोटांत घेतल्यावर नुसतं पाणीच. कूलंट किंचित चिकट लागतं.

गॅस्केटची खात्री करायची चाचणीही त्यांनी केली. रेडिएटरच्या तोंडावर एक नळी बसवतात, तीत निळं द्रावण असतं, आणि इंजिन चालू ठेवतात. इंजिनातला गॅस पाण्यात येत असेल तर ते पिवळं पडतं. माझं शेवटपर्यंत निळंच राहिलं. पाच-दहा मिनिटांचं काम. हेड काढायला सांगणाऱ्या कुणालाही आधी ही चाचणी करून दाखवायला सांगता येतं, किंवा प्रत्येक सिलेंडरचं कॉम्प्रेशन, म्हणजे आतला दाब, मोजायला सांगता येतं. मला हे घाटाच्या त्या दुपारी माहीत असतं तर!

शेवटी मी त्यांना व्हॉट्सअॅपवरचा फोटो दाखवला. चष्मा कपाळावर सरकवून त्यांनी तो मोठा करून बघितला, बोटानं काहीतरी मोजलं आणि फोन माझ्या हातात परत दिला. “ताई, ह्यात भोकं किती हायती?” चार. “तुझ्या गाडीला सिलेंडर किती?”

तीन.

मी गॅरेजवाल्याला फोन केला. तो म्हणाला, पोरानं चुकून दुसऱ्या गाडीचा फोटो पाठवला असेल. जुने पार्ट मागितले तर भंगारात गेले म्हणाला. दुसऱ्या फोननंतर त्यानं माझा नंबर ब्लॉक केला. मी १९१५ या ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवली आहे आणि जिल्हा ग्राहक आयोगात जायची तयारी चालू आहे. घटनेपासून दोन वर्षांच्या आत तक्रार करता येते आणि पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला तिथं फी नाही. माझ्याकडे यूपीआयची नोंद, वहीचा कागद, तो फोटो आणि मामांनी लिहून दिलेला तपासणीचा कागद एवढं आहे. रोख दिलेल्या सोळा हजारांचा पुरावा नाही, त्याचं फार वाईट वाटतं. त्या महिन्यात मुलाच्या शाळेची फी उसनवारीनं भरावी लागली.

मामांनी गाडीत नवा थर्मोस्टॅट बसवला, यंत्रणा दोनदा धुतली आणि सीलबंद कॅन माझ्यासमोर फोडून कूलंट भरलं. बोअरचं पाणी घालायला त्यांनी सक्त मनाई केली आहे, त्यातले क्षार रेडिएटरच्या बारीक नळ्यांत बसतात. आता रविवारी सकाळी, इंजिन गार असताना, मी बाटलीतली पातळी दोन खुणांच्या मध्ये आहे ना ते बघते. एक सांगायचं राहिलं, सांडलेलं कूलंट लगेच धुऊन टाका. ते गोड लागतं म्हणून मांजरं, कुत्री चाटतात आणि मरतात.

राधानगरी रस्त्यावर ज्यांच्या गाड्या अशा तापल्या आणि ज्यांना जळक्या गॅस्केटचा फोटो आला, त्यांनी तो फोटो पुन्हा काढून बघावा. खाली वर्तमानपत्र असेल आणि भोकं चार असतील, तर मला कळवा. आपल्याला एकच फोटो पाठवलाय का, ते मला बघायचंय.