चार वायरींचा ‘वाइडबँड’

गाडीला टर्बो बसवला तेव्हा जो तो एकच सांगत होता: आता वाइडबँड ऑक्सिजन सेन्सर लाव, नाहीतर इंजिनात पेट्रोल किती आणि हवा किती जातेय ते कळायचं नाही. सल्ला बरोबरच होता. माझं चुकलं ते पुढे. सेन्सर, कंट्रोलर, गेज, फिटिंग आणि वर मॅपिंगही (कधी किती पेट्रोल सोडायचं ते इंजिनाच्या कॉम्प्युटरात ठरवणं) एकाच माणसाच्या हवाली केलं आणि एकदाही गाडीखाली डोकावलो नाही.

गाडी हातात आली तेव्हा डॅशबोर्डवर झकास निळा गेज, एक भाग पेट्रोलला हवेचे भाग किती तो आकडा थेट दशांशात. गाडी उभी असताना तो 13 ते 16 असा सारखा नाचायचा. विचारलं तर म्हणाला, “सेन्सर जिवंत आहे भाऊ, श्वास घेतोय.” आणि मला ते पटलंसुद्धा! पूर्ण अ‍ॅक्सिलरेटर दाबला की आकडा 11.9 वर जाऊन बसायचा. बूस्टमध्ये, म्हणजे टर्बो हवा दाबून भरत असताना, पेट्रोल इंजिनाला साधारण साडेअकरा-बाराचं रिच (पेट्रोल जास्त असलेलं) मिश्रण हवंच, म्हणून मी निर्धास्त. गिअर कुठलाही असो, बूस्ट कितीही असो, आकडा तोच. संशय तिथेच यायला हवा होता.

मग एका चढावर बॉनेटखालून डब्यात खडे हलवावेत तसा आवाज आला आणि मागे निळा धूर. दुसऱ्या एका मेकॅनिकने प्लग काढले. एकाचं पोर्सेलिन पांढरंफटक, त्यावर रव्याच्या कणांएवढे अ‍ॅल्युमिनियमचे मणी चिकटलेले. ते पिस्टनचं अ‍ॅल्युमिनियम होतं. बूस्टमध्ये इंजिन हवं त्यापेक्षा लीन (पेट्रोल कमी) चालत होतं, आणि गेज मला रिच दाखवत होता.

त्याने सेन्सरच्या वायरींवरचं उष्णतारोधक कव्हर ब्लेडने चिरलं. आत दोन पांढऱ्या, एक राखाडी, एक काळी. “चारच आहेत,” तो म्हणाला, “हा साधा नॅरोबँड.”

नॅरोबँड फक्त हो-नाही सांगतो. मिश्रण 14.7 च्या, म्हणजे पेट्रोल नि हवेच्या नेमक्या प्रमाणाच्या, अलीकडे की पलीकडे, एवढंच. रिच असेल तर 0.9 व्होल्टच्या आसपास, लीन असेल तर 0.1 च्या. 12 आणि 13.5 यांत त्याला जवळपास फरकच दिसत नाही, वर सेन्सरच्या तापमानानेही तो व्होल्टेज सरकतो. त्या व्होल्टला कुणीतरी आकड्यांचा मुखवटा चढवला होता, आणि माझा मॅप त्या मुखवट्यावर बेतलेला. बॉशचा खरा एलएसयू 4.9 घ्या: सेन्सरमधून पाच वायरी निघतात, कनेक्टर सहा पिनांचा. त्या कनेक्टरमध्येच त्या-त्या सेन्सरपुरता जुळवलेला रेझिस्टर असतो, म्हणून “वायर लांब करतो” म्हणत कुणी कनेक्टर कापायला लागलं तर हात धरा.

सेन्सर बसवणाऱ्याला जाब विचारायला गेलो. तो शांतपणे म्हणाला, “चार काय नि पाच काय, रीडिंग येतंय ना?” बिलावर नुसतं ‘ओटू सेन्सर किट’ लिहिलेलं. वाइडबँड हा शब्द कुठेच नाही. तेव्हा बिलावर पार्ट नंबर लिहून घ्या आणि सेन्सरचा खोका तुमच्यासमोर फोडायला लावा. एक्झॉस्ट पाइपाला बंग (सेन्सर बसवायची आट्यांची कडी) वेल्ड होण्याआधी वायरी मोजा. बंगही बघून घ्या: धूर टर्बोतून बाहेर पडल्यानंतरच्या पाइपावर, आणि सेन्सर आडव्या रेषेपेक्षा किमान 10 अंश वर. खालून लावला तर साचलेलं पाणी तापलेल्या सिरॅमिकला तडा देतं. माझा तोही खालूनच होता, पण नॅरोबँडच म्हटल्यावर त्याचं काय रडायचं.

इंजिन पुन्हा बांधलं, खरा सेन्सर लावला. मेकॅनिक म्हणाला, जुन्याच मॅपवर एकदा बघू, पण अगदी हलका पाय. बूस्ट जेमतेम चढायला लागला तोच गेजवर 13.8 आलं. मी पाय काढला आणि गाडी ढकलत नेल्यासारखी हळूहळू गॅरेजात आणली.