मुळा, गाजर, बीट, रताळी: कोंबडी खत घालावे की शेणखत?

दिवाळीच्या सुमारास भात खळ्यावर आला की आमच्या मुरबाडकडे भाजीच्या वाफ्यांची तयारी सुरू होते आणि दरवर्षी तोच प्रश्न निघतो. गोठे रिकामे होत चालले आहेत, चांगल्या शेणखताच्या ट्रॉलीसाठी वाट पाहावी लागते. पोल्ट्रीचे लिटर, म्हणजे शेडमधला विष्ठा मिसळलेला भुसा, मात्र एका फोनवर दारात येते; तेच मुरले की कोंबडी खत. पालेभाजीला घाला, वांग्याला घाला, मी अडवणार नाही. पण जे पीक जमिनीखाली पोसायचे आहे त्याचा हिशेब वेगळा आहे आणि तो गोणीच्या भावात दिसत नाही.

आधी आकडे बघू. शेणखतात साधारण अर्धा टक्का नत्र (नायट्रोजन), ०.२ टक्के स्फुरद (फॉस्फरस) आणि अर्धा टक्का पालाश (पोटॅश) असते. मुरलेल्या कोंबडी खतात नत्र ३ टक्के, स्फुरद अडीच टक्क्यांच्या पुढे, पालाश दीड टक्क्याच्या आत. म्हणजे एका गुंठ्याला २५० किलो शेणखत घातले काय किंवा ५० किलो कोंबडी खत घातले काय, नत्र जवळपास तेवढेच पडते: सव्वा ते दीड किलो. इथपर्यंत कोंबडी खत जिंकते, वाहतूक आणि मजुरी दोन्ही वाचतात. आता पालाश मोजा. शेणखतातून सव्वा किलो मिळते, कोंबडी खतातून पाऊण किलोही नाही. कंद आणि मुळे भरतात ती पालाशावर. पानात तयार झालेली साखर खाली उतरवायला तेच लागते. नत्र पुरेसे आणि पालाश अपुरे असले की पाला माजतो आणि खाली सुतळीसारखी मुळे सापडतात.

शिवाय कोंबडी खतातले नत्र लवकर सुटते, निम्म्याहून अधिक पहिल्याच हंगामात. शेणखत सावकाश देत राहते आणि माती भुसभुशीत ठेवते. आपल्याकडच्या लाल, पावसाने धुपलेल्या जमिनीला त्या भुसभुशीतपणाचीच जास्त गरज असते.

सगळ्यात मोठा फरक गाजरात दिसतो, आणि माझे सगळ्यात मोठे नुकसानही गाजरातच झाले. काही वर्षांपूर्वी एका व्यापाऱ्याकडून ‘मुरलेले’ म्हणून लिटर आणले. ढिगात हात घातला तर गरम लागत होते, डोळेही चुरचुरले. तरी पेरणीची घाई होती म्हणून वाफ्यात मिसळले. उगवण विरळ झाली. जी गाजरे आली त्यांतली बरीचशी दोन-तीन पायांची, अंगभर पांढऱ्या केसाळ मुळ्यांची. ठाण्याच्या ज्या सोसायटीत मी भाजी देतो, तिथल्या काकू म्हणाल्या, “अरे, ही सोलायची कशी?” ओल्या लिटरमधून अमोनिया सुटतो, त्याने सोटमुळाचे टोक जळते, मग बाजूच्या मुळ्या जाड होऊन फाटे फुटतात. न कुजलेली ढेकळेही तेच करतात. तेव्हापासून गाजराच्या वाफ्यात मी ताजे कोणतेच खत घालत नाही, कोंबडीचेही नाही आणि शेणाचेही नाही. वर्षभर मुरलेले शेणखत चाळून घालतो. गांडूळखत त्याहून सोयीचे आहे, पण गुंठ्यांच्या हिशेबाने महाग पडते.

मुळा थोडा सोशिक आहे. मुरलेले कोंबडी खत बेताने दिले तर तो लवकर भरतो आणि रसरशीत राहतो. जास्त झाले तर पाने गुडघ्यापर्यंत येतात आणि मुळा पांढरा पण बारीक निघतो. मुळा पोकळ निघाला की लोक खताला दोष देतात, पण बहुतेक वेळा तो काढायला उशीर झालेला असतो किंवा ऊन वाढलेले असते. तडकण्याचे कारणही अनेकदा पाणीच असते, आधी ताण आणि मग एकदम भरपूर.

बीटाला कोंबडी खत सगळ्यांत जास्त मानवते. त्याला आंबट जमीन आवडत नाही, आणि अंड्याच्या कोंबड्यांच्या विष्ठेत खाद्यातल्या चुन्यामुळे कॅल्शियम भरपूर असते. क्षारही ते गाजरापेक्षा बरे सोसते. फक्त बीट आणि मुळा जादा नत्र नायट्रेटच्या रूपाने साठवून ठेवतात, म्हणून शेवटच्या महिन्यात वरून खत नको. रताळ्याचा नियम उलटा. महाशिवरात्रीच्या मागणीवर डोळा ठेवून लावणार असाल तर कोंबडी खत जवळपास टाळाच. वेल बांध ओलांडून जातात आणि उकरल्यावर बोटाएवढी रताळी हाती येतात. तिथे शेणखत आणि चुलीची राख बरी. राख कोंबडी खताच्या ढिगात मात्र मिसळू नका, नत्र अमोनिया होऊन उडून जाते. ती लागवडीच्या वेळी वेगळी टाकावी.

आता मला सगळ्यांत महत्त्वाची वाटणारी गोष्ट. मुळा, गाजर, बीट आपण कच्चे खातो, कोशिंबिरीत किसून घालतो. कच्च्या कोंबडी खतात साल्मोनेलासारखे जंतू असू शकतात आणि ही पिके थेट मातीतच वाढतात. अमेरिकेच्या सेंद्रिय शेतीच्या नियमांत, मातीला टेकणाऱ्या पिकाच्या काढणीआधी किमान १२० दिवस कच्चे खत मातीत गेलेले असावे लागते. आपला मुळा ४५ दिवसांत तयार होतो. म्हणजे कच्चे लिटर वापरायचे तर पेरणीच्या अडीच महिने आधी घालायला हवे, आणि तेव्हा इथे भात उभा असतो. गणित बसतच नाही. म्हणून लिटर जुलै-ऑगस्टमध्येच आणा, छपराखाली ढीग लावा, आत ५५ अंशांच्या वर तापू द्या आणि पंधरा दिवसांत निदान पाच वेळा उलटा. नंतर दोन-तीन महिने मुरू द्या. उघड्यावर ठेवलात तर ठाण्याचा पाऊस त्यातले सत्त्व धुऊन शेजारच्या ओढ्यात नेईल.

लिटर कोणत्या शेडमधून येते, तिथली बॅच निरोगी गेली का, हेही विचारा. फेब्रुवारी २०२२ मध्ये शहापूर तालुक्यातल्या वेहळोलीत बर्ड फ्लू आढळला होता. अशी बातमी असेल त्या काळात त्या भागातले लिटर आणूच नये, कारण विष्ठेतून विषाणू पसरतो.

खारघर, नेरुळ, ऐरोलीच्या गच्चीवर कुंड्यांत मुळे-गाजरे लावणाऱ्यांना मी सरळ गांडूळखत सुचवीन. कुंडीत क्षार साठतात, आणि गाजराच्या कोवळ्या रोपाला ते सोसत नाहीत. वास आणि माश्यांवरून शेजाऱ्यांशी वाद नको असतील तर तोही विचार करा. तरी कोंबडी खत वापरायचेच असेल तर पूर्ण मुरलेले, आणि मातीच्या दहा भागांना एका भागाहून जास्त नको.

माझ्या आठ गुंठ्यांत यंदा असे आहे: बीट आणि मुळ्याला गुंठ्यामागे १०० किलो शेणखत आणि ३० किलो मुरलेले कोंबडी खत, पेरणीआधी पंधरा दिवस, रताळ्याला शेणखत आणि राख, गाजराला फक्त जुने शेणखत. नवीन लिटर वापरण्याआधी ते मातीत मिसळून दोन पेल्यांत मेथी पेरतो आणि तिसऱ्या पेल्यात नुसत्या मातीत पेरतो. चार दिवसांत तिन्ही पेले सारखे हिरवे झाले तरच लिटर वाफ्यात जाते. गेल्या महिन्यात एका गोणीच्या दोन्ही पेल्यांत काहीच उगवले नाही. ती गोणी आता पुन्हा ढिगात आहे.