सोलापुरात जुनी दोन दारी गाडी घेऊन हळूहळू सुधारायची तर स्टँडर्ड हेराल्ड की मर्सिडीज २३० सीई?

हौसेची जुनी दोन दारी गाडी घ्यावी आणि एकदम मोठी रक्कम न ओतता, जमेल तसे एकेक काम काढत ती सुधारत न्यावी, असे मनात असलेले सोलापुरातील अनेकजण मला विचारतात की मद्रासला बनलेली स्टँडर्ड हेराल्ड घ्यावी की परदेशातून आलेली मर्सिडीजच्या १२३ मालिकेतील २३० सीई ही कूपे, म्हणजे मागे उतरत्या छताची दोन दारी गाडी. पहिली गाडी, १९६६ ची, माझ्याकडे अकरा वर्षे आहे. दुसरी, १९८२ ची २३० सीई, माझ्या मावसभावाकडे होटगी रस्त्यावर आहे आणि तिच्या बहुतेक कामांच्या वेळी मी हजर राहिलो आहे. या दोन्ही गाड्यांखाली मी पाठ टेकली आहे, आणि पुढे जे लिहीत आहे ते त्यातूनच आलेले आहे.

हेराल्डला शब्दशः स्पोर्ट्स कूपे म्हणता येणार नाही, हे आधीच सांगितलेले बरे. इटलीच्या जोव्हान्नी मिकेलोत्ती यांनी रेखलेली ट्रायम्फ हेराल्ड इंग्लंडमध्ये १९५९ मध्ये आली, तेव्हा सलूनबरोबर, म्हणजे बंद छताच्या साध्या मोटारीबरोबर, जुळ्या कार्बोरेटरची (इंजिनाला हवा-पेट्रोलचे मिश्रण देणाऱ्या भागाची) खरीखुरी कूपेही निघाली होती; आपल्याकडे १९६१ पासून जी बनू लागली ती दोन दारांची सलून होती आणि साठच्या दशकाअखेरीस तिची जागा चार दारांच्या मार्क थ्रीने घेतली. मात्र याच चासीच्या, म्हणजे खालच्या लोखंडी सांगाड्याच्या, आराखड्यावर पुढे ट्रायम्फचीच १९६२ ची स्पिटफायर आणि १९६६ ची सहा सिलिंडरची जीटी६ उभी राहिली. म्हणजे स्पोर्ट्स गाडीचा सांगाडा आपल्या हेराल्डच्या पोटात आधीपासूनच आहे आणि हळूहळू सुधारणा करणाऱ्याला त्याचा फार मोठा लाभ होतो. २३० सीईची गोष्ट वेगळी आहे. मधला खांब नसलेल्या खिडक्या, चारही चाकांना डिस्क ब्रेक, २२९९ सीसीचे १३६ अश्वशक्तीचे इंजिन, असे सगळे घेऊनच ती कारखान्यातून बाहेर पडली. तिच्यात सुधारण्यासारखे फारसे काही नाही. जे होते ते टिकवणे, हेच तिच्या मालकाचे काम असते.

निवड करणाऱ्याने सर्वांत आधी दोन्ही गाड्यांची बांधणी समजून घ्यावी, कारण पुढच्या पंधरा वर्षांचा खर्च आणि मनस्ताप तिच्यावरच ठरतो. हेराल्डची चासी वेगळी आणि बॉडी वेगळी आहे. त्या काळी स्टँडर्ड-ट्रायम्फ कंपनीला अखंड बॉडी बनवून देणारा पुरवठादार उरला नव्हता, म्हणून तुकड्यातुकड्यांची, नट-बोल्टांनी जोडलेली बॉडी आखावी लागली. ती अडचण आज आपल्या पथ्यावर पडते. मागचा भाग, मधला भाग, बॉनेट हे सगळे स्वतंत्रपणे उतरवता येते. यंदा बॉनेटचा पत्रा काढून डेंटरकडे दिला आणि पुढच्या वर्षी मागचा भाग काढला, तरी मधल्या काळात गाडी चालवता येते. बॉनेट तर पुढच्या मडगार्डांसकट पुढे कलंडते, आणि मग पुढच्या चाकावर बसून, इंजिन मांडीशी घेतल्यासारखे, कार्बोरेटरपासून वीज बनवणाऱ्या डायनामोपर्यंत कशालाही हात लावता येतो. मी रविवारी सकाळी चहाचा कप मडगार्डाच्या आतल्या कडेवर ठेवून इंजिनाची ठिणगी जुळवणारे पॉइंट साफ करतो.

२३० सीईची बॉडी अखंड आहे. फरशीचा पत्रा, जॅक लावण्याच्या जागा, पुढच्या मडगार्डांच्या आतल्या भिंती यांत गंज शिरला की तो कापून नवा पत्रा जोडण्यावाचून गत्यंतर नसते, आणि ते काम अर्ध्यावर सोडून गाडी रस्त्यावर आणता येत नाही. मावसभावाच्या गाडीची डावी बाजू उघडली तेव्हा ती सात महिने चौकटीवर टांगलेली होती. ज्याच्याकडे पैसा टप्प्याटप्प्याने येतो त्याला हे सात महिने फार जड जातात, आणि अशाच काळात हौस मरून गाडी शेडमध्ये कायमची पडल्याची उदाहरणे मी पाहिली आहेत.

सोलापूरची हवा पत्र्याला मानवते, रबराला मात्र अजिबात मानवत नाही. मुंबई-कोकणच्या मानाने आपल्याकडे पाऊस फारच कमी असल्याने इथे किंवा हैदराबादच्या बाजूला वाढलेली गाडी खालून बऱ्यापैकी शाबूत मिळते. मुंबईची गाडी वरून कितीही चकचकीत दिसली तरी ती लिफ्टवर चढवून, पेचकस टोचून पाहिल्याशिवाय घेऊ नये. उलट एप्रिल-मे मधील त्रेचाळीस अंशांच्या उन्हात दारांची रबरे, होस पाइप, बुश आणि डॅशबोर्ड तडकतात. हेराल्डची रबरे थोडी आणि साधी आहेत. २३० सीईच्या खिडक्यांना चौकट नसल्यामुळे काच आणि छत यांच्यामधील रबर जरा जरी कडक झाले तरी वारा शिट्टी घालतो आणि आपली काळी धूळ थेट आसनांवर येऊन बसते.

दुरुस्ती करणाऱ्या हातांच्या बाबतीत मात्र दोन्ही गाड्यांचे नशीब निराळे आहे, आणि इथे मला स्वतःची एक चूक नोंदवली पाहिजे. हेराल्डच्या पुढच्या चाकाची उभी दांडी ज्या पितळी गाभ्यात आट्यांवर फिरते त्याला ट्रनियन म्हणतात. त्याला ग्रीस चालत नाही, गिअर ऑइल लागते, कारण घट्ट ग्रीस तळाच्या आट्यांपर्यंत पोहोचत नाही आणि आत शिरलेले पाणी तिथेच साचून दांडी गंजते. गाडी घेतल्यावर दुसऱ्या वर्षी एका गॅरेजने सर्व्हिसिंगमध्ये तिथे ग्रीस भरले आणि मी विचारले नाही. पुढे तुळजापूरला गाडी उभी करताना, अगदी सावकाश वळवत असताना, डावी दांडी तुटली आणि चाक आत दुमडले. वेग नव्हता म्हणून कोणाला इजा झाली नाही. तीच दांडी परतीच्या उतारावर तुटली असती तर काय झाले असते, याचा विचार आजही मी टाळतो. त्यानंतर अक्कलकोट रस्त्यावरील औद्योगिक वसाहतीत यंत्रमागांचे सुटे भाग वळवणाऱ्या एका वयस्कर कारागिराकडे जुना ट्रनियन नेला. त्यांनी तो बोटांत फिरवून पाहिला आणि म्हणाले, “साहेब, हे तर आमच्याच लेथवरचं काम आहे. पण तेल पाजत जावा याला.” दांडी इंग्लंडहून मागवली, बुश इथेच वळवून घेतले. मागाच्या धंद्याने या शहराला लेथ, वेल्डिंग आणि पितळकामाचे जे कसब दिले आहे ते हेराल्डच्या काळातील यंत्राला जसेच्या तसे उपयोगी पडते.

२३० सीईच्या इंजिनाला कार्बोरेटर नसून बॉशची के-जेट्रॉनिक ही यांत्रिक इंजेक्शन पद्धत आहे. तिच्यातील इंधन वाटणारा भाग इतक्या बारीक फटींचा असतो की टाकीतील गंजाचा कणसुद्धा त्यातील दांडा अडकवू शकतो. दाब मोजण्याचे मीटर आणि तो वाचून अर्थ लावणारा माणूस, दोन्ही असल्याशिवाय तिला हात लावू नये. आपल्या शहरात असा माणूस शोधताना मावसभावाची दमछाक झाली, शेवटी तो भाग पुण्याला पाठवावा लागला आणि तेवढ्यासाठी गाडी चार महिने उभी राहिली. सुटे भाग मिळतच नाहीत असे नव्हे. मर्सिडीजचे फेलबाख येथील क्लासिक केंद्र आजही जुन्या गाड्यांना भाग पुरवते. परंतु त्यांच्या किमती आणि वर लागणारी जकात यांचे वेगळे अंदाजपत्रक करावे लागते. हेराल्डचे बरेचसे यांत्रिक भाग स्पिटफायरशी जुळत असल्याने इंग्लंडमध्ये ते आजही नव्याने बनतात आणि तुलनेने स्वस्त पडतात.

पेट्रोलचा प्रश्न दोघींनाही आहे. ज्या उसावर आपल्या जिल्ह्यातील इतके साखर कारखाने चालतात त्याच उसापासून होणारे इथेनॉल आता पंपावरील पेट्रोलमध्ये वीस टक्के असते. ते जुने रबर फुगवते आणि पाणी ओढून घेत असल्याने उभ्या गाडीची टाकी आतून गंजवते. हेराल्डमध्ये इथेनॉल सोसणारे होस, पंपाचा नवा पडदा आणि कार्बोरेटरचा जेट किंचित मोठा, एवढे केले की काम भागते, आणि ते एका दुपारी होते. २३० सीईमध्ये टाकी उतरवून साफ करणे, पंपापासूनचे सगळे पाइप बदलणे आणि मिश्रण नव्याने जुळवणे भाग पडते. दोन्ही गाड्यांना महिनाभर एकाच जागी उभी न ठेवणे हा सगळ्यांत स्वस्त उपाय आहे.

सुधारणांचा क्रम चुकला की पैसा वाया जातो, म्हणून हेराल्डपुरते सविस्तर सांगतो. पुष्कळ जण आधी रंग काढतात. रंग सर्वांत शेवटी यावा. पहिल्या वर्षी ब्रेक हाती घ्यावेत. चारही चाकांचे ड्रम आणि पाइप नवे करून घ्यावेत आणि शक्य झाल्यास पुढे स्पिटफायरच्या पद्धतीचे डिस्क बसवावेत. त्यानंतर रेडिएटरचा गाभा बदलून तापमानावर चालणारा विजेचा पंखा लावावा, कारण सात रस्ता किंवा आसरा चौकात मे महिन्याच्या संध्याकाळी मूळ पंखा पुरा पडत नाही. पंपाजवळच्या नळीत पेट्रोलची वाफ होऊन गाडी बंद पडते, तेव्हा ओला सोलापुरी टॉवेल नळीवर गुंडाळून दहा मिनिटे थांबण्याचा उपाय मी अनेकदा केला आहे. नळी सायलेन्सरपासून दूर वळवून घेतल्यापासून तो टॉवेल डिकीतच पडून आहे. मग डायनामोच्या जागी लहान अल्टरनेटर घ्यावा, मात्र बॅटरीचा कोणता ध्रुव बॉडीला जोडला आहे ते आधी तपासावे, नाहीतर पहिल्या मिनिटाला अल्टरनेटर जळेल. मागचा अ‍ॅक्सल वेगात वळण घेताना चाक आत ओढून घेतो, हा या गाडीचा जन्मजात दोष आहे. १९७० नंतरच्या स्पिटफायरमधील मागच्या स्प्रिंगच्या फिरत्या पाट्यांची मांडणी आणि चांगले रेडियल टायर यांनी तो पुष्कळ कमी होतो. जुळे कार्बोरेटर आणि इंजिनाची ताकद हा विषय एवढे सगळे झाल्यावर, पाचव्या-सहाव्या वर्षी काढावा. ९४८ सीसीचे हे इंजिन मुळात पस्तीसेक अश्वशक्तीचे आहे. ते दहाने वाढवल्याचा आनंद थांबता येणाऱ्या गाडीतच घेता येतो.

कायद्याची बाजू थोडक्यात अशी आहे. २०२१ च्या नियमांनुसार पन्नास वर्षांहून जुन्या वाहनाची ‘व्हिंटेज’ म्हणून नोंदणी करता येते, परंतु त्यासाठी चासी, बॉडी आणि इंजिनात मोठा फेरबदल झालेला नसावा लागतो, आणि अशी गाडी प्रदर्शन, रॅली, इंधन भरणे व देखभाल अशा कारणांपुरतीच रस्त्यावर आणता येते. त्यामुळे रविवारी पंढरपूरला जाऊन यायचे असेल तर सामान्य नोंदणीचे दर पाच वर्षांनी नूतनीकरण करत राहणेच सोयीचे. ऑगस्ट २०२५ च्या सुधारणेनंतर वीस वर्षांवरील मोटारीसाठी हे शुल्क १०,००० रुपये आहे, आयात केलेल्या चारचाकीसाठी मात्र ८०,००० रुपये, आणि राज्याचा पर्यावरण कर वेगळा. हा एकच फरक अनेकांचा निर्णय करून टाकील. कोणत्याही वाटेने गेलात तरी काढलेला प्रत्येक मूळ भाग तेल लावून, कागदात गुंडाळून, नाव लिहून जपून ठेवावा, आणि इंजिन बदलण्याचा विचार परिवहन कार्यालयाच्या लेखी परवानगीशिवाय करू नये.

चालवण्याच्या सुखात मात्र २३० सीईला तोड नाही. पुण्याचे अडीचशे किलोमीटर ती वातानुकूलन लावून, शंभरच्या वेगात, गप्पांत अडथळा न आणता कापते. हेराल्ड साठ-सत्तरच्या वेगात समाधानी असते आणि मे महिन्यात दुपारी बारा ते पाच तिला बाहेर काढणे म्हणजे स्वतःलाच शिक्षा. शहरात चित्र उलटते. हेराल्डची लांबी जेमतेम ३.९ मीटर आहे आणि ती पंचवीस फुटांच्या वर्तुळात वळते, म्हणजे मंगळवार पेठेतील बोळात जिथे मावसभावाला तीनदा मागेपुढे करावे लागते तिथे ती एका दमात फिरते.

सॅन स्टॉर्मबद्दलही विचारणा होते. १९९८ ची ही गोव्याची दोन आसनी गाडी फायबरच्या बॉडीमुळे गंजत नाही आणि दिसायला तीच खरी स्पोर्ट्स गाडी आहे. पण फायबरचे काम नीट करणारा माणूस हाताशी असेल तरच तिच्याकडे वळावे. पूर्ण तयार केलेली हेराल्ड विकत घेणे हा चौथा मार्ग पैशांच्या हिशेबात बहुधा स्वस्त पडतो, मात्र रंगाखाली किती पुट्टी आहे ते चुंबक लावून पाहिल्याशिवाय बोलणी करू नयेत.

ज्यांच्याकडे एक सावलीची जागा, रविवारची सकाळ आणि दरवर्षी ठरावीक रक्कम आहे त्यांनी हेराल्ड घ्यावी, असे माझे स्पष्ट मत आहे. २३० सीई त्यांनी घ्यावी ज्यांना लांबचा प्रवास वारंवार आहे आणि गाडीच्या किमतीइतकीच रक्कम पहिल्या दोन वर्षांसाठी बाजूला ठेवता येते. हेराल्ड पाहायला जाल तेव्हा अंगावर जुना सदरा असू द्या. पुढचे चाक जॅकवर उचलून ट्रनियनमधून काय बाहेर येते ते बोटाने पाहा, चासीपासून बाजूला निघणाऱ्या लोखंडी आडव्या हातांवर हातोडीने हलके टिचवून आवाज ऐका, आणि चासी क्रमांक आरसी बुकातील क्रमांकाशी जुळवून झाल्यावरच विसार द्या.