वळवाच्या पावसानंतर लागणारी करवत : घरासाठी बॅटरीवरची चेनसॉ निवडताना

आमचे घर कोल्हापुरात कळंब्याच्या बाजूला आहे. आवारात एक जुना रायवळ आंबा, दोन नारळ, एक शेवगा आणि कुंपणाला लागून सुबाभळीची रांग आहे. अशा घराला करवत वर्षातून आठ-दहा वेळाच लागते. पण त्यांतल्या एक-दोन वेळा ती तातडीने लागते, कारण मे महिन्यात वळीव येतो, पाऊण तासात वीज जाते आणि आंब्याची फांदी फाटकावर आडवी होऊन गल्ली बंद करते. तीन प्रकारच्या करवती हाताळल्यानंतर गेले वर्षभर मी मकिताची डीयूसी 353 ही 14 इंची बारची (बार म्हणजे जिच्या कडेने चेन फिरते ती लोखंडी पट्टी), 18 व्होल्टच्या दोन बॅटऱ्यांवर चालणारी चेनसॉ वापरत आहे. घरासाठी अशी वस्तू घेऊ पाहणाऱ्याला उपयोग व्हावा म्हणून हा अनुभव सविस्तर लिहीत आहे.

बॅटरीच का, हे आधी सांगतो. पेट्रोलच्या करवतीची ताकद वादातीत आहे आणि ज्याला रोज लाकूड कापायचे आहे त्याने तीच घ्यावी. परंतु टू-टी ऑइल मिसळलेले पेट्रोल महिनोन्महिने टाकीत पडून राहिले की ते खराब होते, कार्ब्युरेटरमध्ये चिकट थर धरते आणि नेमक्या गरजेच्या वेळी दोरी ओढून ओढून खांदा दुखला तरी मशीन दाद देत नाही. शेजाऱ्यांकडून मागून आणलेल्या करवतीने आमच्यावर एका संध्याकाळी हीच वेळ आणली होती. वायरवर चालणारी इलेक्ट्रिक करवत स्वस्त आणि हलकी असते, पण वादळात लाइट गेल्यावर तिचा काहीच उपयोग नसतो. चार्ज केलेली बॅटरी मात्र अशा वेळी हाताशी असते.

तरीही पहिली खरेदी चुकली. ऑनलाइन जाहिराती पाहून मी एक मिनी चेनसॉ मागवली, जिच्या बॅटरीवर ठळक अक्षरांत ‘88 व्होल्ट’ असे छापलेले होते. सहा इंची बार, एका हातात धरण्याजोगी आणि किंमत अडीच हजारांच्या आत. शेवग्याच्या फांद्या तिने लोण्यासारख्या कापल्या, त्यामुळे दोन दिवस मी खूश होतो. सुबाभळीच्या मनगटाएवढ्या वाळक्या फांदीवर मात्र तिसऱ्याच कापाला चेन बारवरून उतरली आणि चौथ्या कापाला मशीन थांबली. माझ्या मुलाचे उद्यमनगरात फॅब्रिकेशनचे छोटे वर्कशॉप आहे. त्याने ती बॅटरी उघडली (लिथियमची बॅटरी सवय नसलेल्याने कधीही उघडू नये, हे आवर्जून सांगतो), तेव्हा आत निकेलच्या पट्टीने जोडलेले पाच सेल निघाले. “बाबा, व्होल्ट वाचू नका, सेल मोजा,” असे तो म्हणाला, आणि या विषयातले मला मिळालेले सर्वांत उपयोगी वाक्य तेच आहे.

त्यामागचा हिशेब सोपा आहे. या प्रकारच्या एका लिथियम-आयन सेलचा सरासरी दाब 3.6 व्होल्ट असतो आणि पूर्ण चार्ज झाल्यावर तो 4.2 व्होल्टपर्यंत जातो. पाच सेल एकापुढे एक जोडले की 18 व्होल्ट होतात, आणि पूर्ण चार्ज असताना 21. म्हणजे एका खोक्यावर 18, दुसऱ्यावर 20 आणि तिसऱ्यावर 21 लिहिलेले असले तरी तिन्ही बॅटऱ्या एकाच जातीच्या असू शकतात. त्याचप्रमाणे 36 आणि 40 हेही बहुधा एकच असते. पाच सेलांतून 88 व्होल्ट निघणे शक्यच नाही. खरी तुलना करायची ती वॉट-अवरची, म्हणजे बॅटरीतल्या एकूण ऊर्जेची: व्होल्ट गुणिले अँपिअर-अवर. माझ्या मिनीतले सेल 1.5 अँपिअर-अवरचे होते, म्हणून एकूण साठा 27 वॉट-अवर. आताच्या करवतीत 5 अँपिअर-अवरच्या दोन बॅटऱ्या आहेत, म्हणजे 180 वॉट-अवर. खोक्यावर वॉट-अवर किंवा अँपिअर-अवर स्पष्ट छापलेले नसेल, तर ती वस्तू परत ठेवावी असे माझे मत झाले आहे.

यावरून दुसरा मुद्दा निघतो, तो म्हणजे करवत निवडण्याआधी बॅटरी निवडावी. मकिता, बॉश, श्टील, हस्कवार्ना यांपैकी प्रत्येकाची बॅटरी वेगळी असते आणि एकाची दुसऱ्याला बसत नाही. श्टीलसारख्या कंपनीत तर तिच्याच लहान छाटणी-करवतीची बॅटरी मोठ्या करवतीला चालत नाही. आमच्या वर्कशॉपमध्ये मकिताचे 18 व्होल्टचे ग्राइंडर आणि ड्रिल आधीपासून होते, म्हणून मी बॅटरीविना नुसती मशीन घेऊ शकलो आणि मोठा खर्च वाचला. ज्याच्याकडे यातले काहीच नाही, त्याला दोन बॅटऱ्या आणि चार्जर धरून ही करवत बरीच महाग पडते. अशा कुटुंबाने, फांद्या चार-पाच इंचांच्या आत असतील तर, एकाच 18 व्होल्टच्या बॅटरीवर चालणारी, आठ ते दहा इंची बारची आणि दोन हातांनी धरायची करवत घ्यावी. ती पुरेशी आहे. माझ्याही आवारात आंबा नसता तर मी तीच घेतली असती.

आता प्रत्यक्ष वापराविषयी. दोन्ही बॅटऱ्यांसह मशीनचे वजन पाच किलोंच्या आसपास भरते, आणि अर्ध्या तासानंतर ते मनगटाला जाणवते. चेनचा वेग सेकंदाला 20 मीटरपर्यंत आहे. चेन ताणण्यासाठी पाना लागत नाही, बाजूचे चाक हाताने फिरवले की झाले. ही सोय कागदावर किरकोळ वाटते, पण नवी चेन पहिल्या तासाभरात दोन-तीनदा सैल पडते तेव्हा तिची किंमत कळते. ताण बरोबर आहे का, हे बॅटऱ्या काढून आणि हातमोजे घालून पाहावे: चेन बारला खालून चिकटलेली असावी आणि तरी हाताने सहज पुढे सरकावी. मागच्या मे महिन्यात पडलेली आंब्याची फांदी बुंध्याशी नऊ इंच जाड होती. ती आणि तिच्या उपफांद्या मिळून पाच-सहा इंच जाडीचे साधारण चाळीस काप एका चार्जमध्ये झाले. आवाज आहे, पण पेट्रोलच्या करवतीसारखा नाही. ट्रिगर सोडला की शांतता होते आणि फांदी कडाडते आहे का, हे ऐकू येते. मला तो सुरक्षिततेचाच भाग वाटतो.

कापण्याची खरी करामत मात्र मोटारीत नसून दातांत आहे. आजच्या चेनचे मूळ अमेरिकेतल्या जोसेफ कॉक्स या लाकूडतोड्याच्या निरीक्षणात आहे. 1946 साली त्याने लाकूड पोखरणारी भुंग्याची अळी पाहिली, जी आपल्या जबड्याने डावीकडे-उजवीकडे लाकूड कातरत पुढे जात होती, आणि तिच्यावरून त्याने चेनचे दात एकाआड एक डावे-उजवे, पुढे वळलेले असे घडवले. म्हणूनच चांगली चेन लाकूड घासत नाही, छिलते. उद्यमनगरात कानस मारून देणारे एक वयस्कर कारागीर आहेत. माझी चेन हातात घेऊन, नख दातावर फिरवून ते म्हणाले, “भुगा पडाय लागला की थांबायचं बघा. कपच्या पडल्या पाहिजेत.” तेव्हापासून मी खाली काय पडते आहे ते पाहतो. तांदळाच्या कणीपेक्षा मोठ्या, चपट्या कपच्या पडत असतील तर चेन ठीक आहे. पीठ पडू लागले की दात बोथट झाले आहेत, आणि त्यापुढे जोर लावणे म्हणजे बॅटरी जाळणे होय. तीन अष्टमांश इंच मापाच्या लो-प्रोफाइल, म्हणजे बुटक्या दातांच्या चेनला बहुधा 4 मिलिमीटरची गोल कानस लागते, कोन 30 अंशांचा धरायचा आणि प्रत्येक दाताला सारखेच हात मारायचे. नारळाच्या ओंडक्याने माझ्या चेनचे दात सर्वांत लवकर मारले. त्याच्या तंतुमय, रेताड लाकडासाठी जुनी चेन वेगळी ठेवणे बरे.

चेनला तेल लागते आणि ते मशीन आपोआप सोडते, परंतु टाकी आपणच भरायची असते. इंजिनातून काढलेले जळके तेल फुकट मिळते म्हणून घालू नये; त्यातल्या बारीक धातूकणांनी पंप आणि बार दोन्ही खराब होतात. काम नसताना तेल थोडेफार झिरपणे हा जवळपास सगळ्याच चेनसॉंचा स्वभाव आहे, म्हणून खाली जुना पत्रा किंवा पुठ्ठा ठेवावा.

सुरक्षिततेवर मी थोडा अधिक थांबतो, कारण घरगुती वापरात निष्काळजीपणा इथेच होतो. बारच्या टोकाचा वरचा चतुर्थांश भाग चालू असताना लाकडाला टेकला, तर बार क्षणात वर, चालवणाऱ्याच्या तोंडाकडे उसळतो. त्यासाठी पुढच्या हँडलसमोर चेन-ब्रेकची पाती असते. मनगट त्यावर आदळले की चेन थांबते. माझ्या त्या मिनी करवतीला अशी पाती नव्हती, आणि एका हातात मशीन व दुसऱ्या हातात फांदी, अशी सवय तिने लावली, जी सोडायला मला वेळ लागला. चेन-ब्रेक नसलेली आणि एका हाताने चालवायची करवत मी आता कोणालाही घ्यायला सांगत नाही. शिडीवर चढून किंवा खांद्याच्या वर हात नेऊन चेनसॉ चालवू नये. पायात चपला घालून तर मुळीच नाही. आपल्याकडे ही सवय सर्रास आहे, म्हणून मुद्दाम लिहितो. बूट, चष्मा आणि कानाला संरक्षण हे करवतीबरोबरच विकत घ्यावे.

पडलेली फांदी कापताना बार अडकतो, त्याचेही कारण समजून घ्यावे. फांदी दोन्ही टोकांना टेकलेली असेल तर तिची वरची बाजू दाबाखाली असते, म्हणून आधी वरून एक तृतीयांश कापावे आणि मग खालून. एकच टोक टेकलेले असेल आणि दुसरे अधांतरी असेल, तर नेमके उलट: आधी खालून, मग वरून. मी फाटकावर आडव्या पडलेल्या फांदीत घाईने वरूनच आरपार कापायला गेलो आणि बार असा आवळला गेला की पहारीने फांदी उचलून तो सोडवावा लागला.

करवत हाती आली म्हणून झाड आपल्या मर्जीने तोडता येते असे नाही. शहरी हद्दीत 1975 चा महाराष्ट्राचा वृक्ष संरक्षण व जतन कायदा लागू आहे, आणि त्यात ‘तोडणे’ या शब्दात झाडाला कोणत्याही प्रकारे इजा करणेही येते. त्यामुळे उभ्या झाडाची मोठी छाटणी करण्यापूर्वी महापालिकेकडे अर्ज करावा. आंब्याच्या वाळक्या फांदीसाठी मी तो केला होता.

बॅटऱ्यांची निगा हा शेवटचा भाग. पत्र्याच्या शेडमध्ये उन्हाळ्यात त्या ठेवू नयेत आणि तापलेल्या असताना चार्जरलाही लावू नयेत. आमच्या त्या माजघरातल्या फडताळात असतात. पावसाळ्यानंतर महिनोन्महिने काम नसते, तेव्हा त्या निम्म्या चार्जवर ठेवतो, कारण पूर्ण भरून पडून राहिलेली लिथियम बॅटरी लवकर म्हातारी होते. एप्रिल संपला की मात्र हा नियम मोडतो. ढग भरून आलेल्या दुपारी, लाइट असेपर्यंत, दोन्ही बॅटऱ्या पूर्ण भरून घेतो, तेलाची टाकी पाहतो आणि चेनच्या दातांवरून एकदा नख फिरवतो.