संकेतस्थळांची भटकंती: कोल्हापुरातून घेतलेला वर्षभराचा अनुभव

गेल्या पावसाळ्यापासून मी रात्रीच्या जेवणानंतरचा वेळ रील्स पाहण्यात घालवण्याऐवजी नवनवी संकेतस्थळे शोधण्यात आणि त्यांतली चांगली वाटलेली नियमितपणे वापरण्यात घालवत आहे. 'पाहायलाच हवीत अशी संकेतस्थळे' या प्रकारच्या याद्या इंटरनेटवर भरपूर मिळतात, पण त्यांत प्रत्येक स्थळाविषयी दोन ओळींपलीकडे काही नसते आणि लिहिणाऱ्याने ते स्थळ महिनाभर तरी वापरले आहे की नाही, हे कळत नाही. म्हणून वापरून टिकलेल्या मोजक्या स्थळांविषयी थोडे सविस्तर लिहीत आहे. निवडताना मी इतकेच पाहिले की स्थळ फुकट असावे, आत शिरण्यासाठी खाते उघडायची सक्ती नसावी आणि ते मोबाइलच्या डेटावरही नीट चालावे.

शोधायचे कुठे, हा पहिला प्रश्न. एक बटण दाबले की आवडीनुसार अनोळखी पान समोर आणणारे 'स्टंबलअपॉन' 2018 साली बंद झाले आणि त्याची जागा तितक्या समर्थपणे कोणी घेतली असे मला वाटत नाही. सध्या मी 'मार्जिनालिया' हे स्वीडनमधून चालवले जाणारे शोधयंत्र वापरतो. भरपूर मजकूर आणि कमी सजावट असलेली, व्यक्तींनी हौसेने उभी केलेली लहान संकेतस्थळे ते वर आणते. मराठीसाठी मात्र त्याचा उपयोग नाही. दुसरा आणि माझ्या मते अधिक खात्रीचा मार्ग म्हणजे विकिपीडियावरील लेखाच्या तळाशी दिलेले बाह्य दुवे, कारण ते त्या विषयात रस असलेल्या कोणीतरी वाचून, पारखून तिथे ठेवलेले असतात. पण वर्षभरात एक गोष्ट पक्की जाणवली: नुसते हिंडायला गेले की कितीही सुंदर स्थळ चार दिवसांत विसरले जाते, आणि आपल्या गावातला एखादा प्रश्न घेऊन गेले की तेच स्थळ हाताशी राहते.

याचे सर्वांत चांगले उदाहरण 'सनकॅल्क' हे आहे. जगातील कोणतेही ठिकाण आणि कोणतीही तारीख दिली की तिथे सूर्य कोणत्या दिशेला उगवेल, कुठे मावळेल आणि दिवसाच्या कोणत्या क्षणी किती उंचीवर असेल, हे ते नकाशावर रेषा ओढून दाखवते. व्लादिमिर अगाफोन्किन या प्रोग्रामरने ते तयार केले आहे. छायाचित्रकार आणि घर बांधणारे लोक ते वापरतात. मी ते उघडले अंबाबाईच्या किरणोत्सवासाठी. मावळतीचे किरण महाद्वारातून थेट गाभाऱ्यापर्यंत पोहोचतात, ते नोव्हेंबरच्या 9, 10 आणि 11 तारखेला आणि पुन्हा 31 जानेवारी, 1 व 2 फेब्रुवारीला, हे आपल्याकडे लहान मुलालाही ठाऊक असते. या तारखांमध्ये मुळात काय नाते आहे, हे मात्र मी कधी तपासून पाहिले नव्हते.

नकाशावरची खूण मंदिरावर आणून तारीख 10 नोव्हेंबर केली, तेव्हा मावळतीची रेषा पश्चिमेपासून साधारण 18 अंश दक्षिणेकडे कललेली दिसली. मग तारीख 1 फेब्रुवारी केली आणि रेषा जवळपास जागची हलली नाही. कारण सरळ आहे. 21 डिसेंबरच्या सुमारास सूर्य दक्षिणेच्या टोकाला पोहोचतो आणि मागे फिरतो. नोव्हेंबरचा किरणोत्सव या दिवसाच्या सुमारे सहा आठवडे आधी येतो आणि जानेवारी-फेब्रुवारीचा तितकाच नंतर, त्यामुळे जाताना आणि येताना सूर्य मावळतीला एकाच जागेवर असतो. याहून मला अधिक नवल वाटले ते वेळेचे. दिशा तीच असली तरी नोव्हेंबरमध्ये सूर्य सहाच्या आसपास मावळतो आणि फेब्रुवारीच्या आरंभी साडेसहाच्या आसपास, म्हणजे जवळजवळ अर्ध्या तासाचा फरक पडतो. ज्यांनी एकेकाळी निरीक्षणाच्या बळावर मंदिराचा अक्ष असा साधला, त्यांच्याविषयीचा माझा आदर या रेषा पाहून फार वाढला. या स्थळाची मर्यादाही सांगितली पाहिजे: ते इमारतींचा विचार करत नाही, त्यामुळे महाद्वार रस्त्यावरच्या अडथळ्यांचा जो प्रश्न वर्षानुवर्षे चर्चेत आहे, त्याचे उत्तर त्यात मिळणार नाही, आणि ढगांचे तर नाहीच. मे महिन्याच्या पहिल्या आठवड्यात भर दुपारी सूर्य नेमका आपल्या डोक्यावर येतो आणि सावली पायाखाली नाहीशी होते, तो शून्य सावलीचा दिवस शोधण्यासाठी मुलांना हेच स्थळ उघडून द्यावे.

पावसाळ्यात आमच्या घरात सर्वांत जास्त वेळा उघडले गेले ते 'विंडी'. चेक प्रजासत्ताकातून 2014 साली सुरू झालेले हे हवामानाचे स्थळ वारा, ढग आणि पाऊस हलत्या नकाशावर दाखवते. कोल्हापूर शहरावर किती पाऊस पडेल, हे पाहण्यात फारसा अर्थ नाही, कारण पंचगंगेची पातळी शहरातल्या पावसावर ठरत नाही; ती ठरते गगनबावडा, राधानगरी आणि पन्हाळ्यापलीकडच्या डोंगरात काय होते त्यावर. कुंभी, कासारी, तुळशी आणि भोगावती या नद्यांचे पाणी एकत्र येऊन प्रयाग चिखलीपासून खाली पंचगंगा म्हणून वाहते, म्हणून मी नकाशा पश्चिमेकडे सरकवून घाटमाथ्यावर पुढच्या तीन दिवसांत एकूण किती पाऊस साचेल, तो थर पाहतो. त्यात युरोपीय हवामान केंद्राचे आणि अमेरिकेचे अशी अंदाज वर्तवणारी दोन प्रारूपे (मॉडेल) आलटून पालटून पाहता येतात. दोन्ही एकच सांगत असतील तर विश्वास ठेवायचा आणि दोघांत मोठी तफावत असेल तर आणखी एक दिवस थांबायचे, अशी सवय मला लागली आहे.

एवढ्यावर विसंबून मात्र निर्णय घेऊ नये. युरोपीय प्रारूप साधारण 9 किलोमीटरच्या चौकटींत विचार करते आणि आपल्या घाटात तेवढ्या अंतरात पावसाचे मान पार बदलते. म्हणून या नकाशाच्या जोडीला राजाराम बंधाऱ्याजवळच्या पाणीपातळीचे सरकारी आकडे आणि राधानगरी धरणाचे किती स्वयंचलित दरवाजे उघडले, ही बातमी पाहणे आवश्यक आहे. 39 फुटांना इशारा आणि 43 फुटांना धोका, हे आकडे नदीकाठच्या प्रत्येक घराला पाठ आहेत. 'विंडी'मुळे मिळते ती आकडा वाढण्यापूर्वीची दिवस-दोन दिवसांची कल्पना, आणि तळमजल्यावर गोदाम असलेल्या माणसाला तेवढी कल्पना पुष्कळ असते.

'इंटरनेट अर्काइव्ह' हे नाव अनेकांनी ऐकलेले असते, पण त्याचा खरा आवाका वापरल्याशिवाय कळत नाही. ब्रूस्टर काहल यांनी 1996 साली अमेरिकेत सुरू केलेल्या या संग्रहात जुनी पुस्तके, ध्वनिफिती आणि चित्रपट आहेतच. शिवाय बंद पडलेली किंवा बदललेली संकेतस्थळे पूर्वी कशी होती, हे दाखवणारे 'वेबॅक मशीन' आहे. मला एका कामासाठी एका कार्यालयाचे जुने परिपत्रक हवे होते. कार्यालयाने संकेतस्थळ नवे केले आणि जुनी पाने काढून टाकली. जुन्या पानाचा पत्ता माझ्या एका मेलमध्ये सापडला, तो 'वेबॅक'मध्ये टाकला आणि परिपत्रक मिळाले. तेव्हापासून महत्त्वाचे सरकारी पान दिसले की मी स्वतःच ते 'वेबॅक'मध्ये जतन करून ठेवतो. त्यासाठी तिथे पत्ता टाकायची वेगळी चौकट आहे आणि काम मिनिटभरात होते.

जुन्या पुस्तकांसाठी थोडी चिकाटी लागते. स्कॅन केलेल्या भारतीय पुस्तकांची नावे बहुतेक वेळा रोमन लिपीत आणि मनाला येईल त्या स्पेलिंगने नोंदलेली असतात, त्यामुळे देवनागरीत शोधून काही मिळाले नाही म्हणून सोडून देऊ नये. इंग्रज अमलातल्या कागदपत्रांत तर कोल्हापूरचेच स्पेलिंग वेगळे आहे: मेजर ग्रॅहम यांनी 1854 साली या संस्थानाविषयी जो विस्तृत अहवाल प्रसिद्ध केला, त्याच्या शीर्षकात शेवटच्या अक्षरापूर्वी दोन 'ओ' आहेत, आणि शोधताना ते दिले नाहीत तर अहवाल चटकन हाती लागत नाही. मुंबई इलाख्याच्या गॅझेटियरचा 1886 सालचा कोल्हापूर खंडही तिथे आहे. पुस्तक उघडल्यावर आतल्या मजकुरात शब्द शोधण्याची सोय आहे, तिचा उपयोग अवश्य करावा. रंकाळा, गूळ, जोतिबा असा एकेक शब्द रोमन लिपीत टाकून मी कित्येक रात्री त्या खंडात रमलो आहे. 1850 साली स्थापन झालेले करवीर नगर वाचन मंदिर आपल्या गावात आहे आणि जुना ग्रंथ हातात घेऊन वाचण्याचा आनंद वेगळाच, याबद्दल दुमत नाही. पण रात्री अकरा वाजता पडलेली शंका त्याच वेळी फेडून घ्यायची असेल तर हा संग्रह हवाच.

मराठीतल्या दोन स्थळांचा उल्लेख थोडक्यात करतो, कारण ती बहुतेकांना माहीत असावीत. मराठी विश्वकोशाचे सर्व मुख्य खंड संकेतस्थळावर मोफत वाचता येतात. तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशी यांच्या संपादनाखाली वाईत उभ्या राहिलेल्या या कामाचा पहिला खंड 1976 साली निघाला, त्यामुळे जुन्या नोंदींतली आकडेवारी त्या काळाची आहे हे ध्यानात ठेवून वाचावे. विषयाची मांडणी मात्र आजही भक्कम वाटते. दुसरे स्थळ शिकागो विद्यापीठाचे आहे. तिथे मोल्सवर्थचा 1857 सालचा मराठी-इंग्रजी कोश आणि दाते-कर्वे यांचा महाराष्ट्र शब्दकोश, असे दोन्ही एकेक शब्द टाकून पाहता येतात.

'ओपनस्ट्रीटमॅप'ने मला वाचकाचा कार्यकर्ता केले. ब्रिटनमध्ये 2004 साली स्टीव्ह कोस्ट यांनी सुरू केलेला हा नकाशा सामान्य माणसेच भरतात, आणि त्यात भर घालण्यासाठी तेवढे एक खाते उघडावे लागते. मी आमच्या पेठेचा भाग मोठा करून पाहिला, तेव्हा मोठे रस्ते ठीक होते, पण बोळ अर्धवट होते आणि ज्या तालमींवरून आम्ही पत्ता सांगतो, त्यांतल्या काही नकाशावर नव्हत्या. कोल्हापुरात तालीम ही पत्त्याची पहिली खूण असते, ती नसलेला नकाशा आमच्या काय कामाचा? मग संध्याकाळी फिरायला जाताना एकेक गोष्ट टिपून आणायची आणि घरी आल्यावर भरायची, असा क्रम सुरू झाला. ठिकाण निवडायचे, प्रकार ठरवायचा, नाव देवनागरीत लिहायचे आणि मराठी नावाच्या रकान्यातही तेच भरायचे. थोड्याच वेळात ते नकाशावर उमटते. एक नियम कसोशीने पाळावा लागतो: दुसऱ्या कंपनीच्या नकाशातून काहीही उतरवून घ्यायचे नाही, स्वतः पाहिलेले किंवा स्वतःला ठाऊक असलेलेच भरायचे. आमच्या बोळातली पाण्याची टाकी, दवाखाना आणि दत्ताचे देऊळ आता त्यात आहे. हा नकाशा मोफत उतरवून घेता येत असल्यामुळे पुराच्या वेळी मदतीला येणाऱ्या बाहेरच्या लोकांनाही तो उपयोगी पडू शकतो, म्हणून नदीकाठच्या गावांतल्या मुलांनी यात लक्ष घालावे असे मला मनापासून वाटते.

घरातल्या मुलांसाठी कोलोरॅडो विद्यापीठाचे 'फेट' हे पडद्यावर विज्ञानाचे प्रयोग करू देणारे स्थळ फार उपयोगी पडले. नोबेल पारितोषिक मिळालेले भौतिकशास्त्रज्ञ कार्ल वीमन यांनी 2002 साली सुरू केलेल्या या प्रकल्पातले अनेक प्रयोग मराठीतही आहेत. आठवीतल्या भाचीने बल्ब, तारा आणि बॅटऱ्या पडद्यावर जोडून एकसरी आणि समांतर जोडणीतला फरक स्वतः पाहिला. एक बल्ब काढला की एकीकडे सगळे विझतात आणि दुसरीकडे बाकीचे तसेच उजळत राहतात, हे तिने पुनःपुन्हा करून पाहिले, आणि नंतर पुस्तकातली आकृती तिला मला विचारावी लागली नाही. प्रयोग उतरवून घेतले तर इंटरनेटविनाही चालतात, ही खेड्यातल्या शाळांसाठी मोठी सोय आहे.

निव्वळ मौजेसाठी म्हणाल तर दोन नावे सांगेन. 'रेडिओ गार्डन'वर पृथ्वीचा गोल फिरवायचा आणि हिरव्या ठिपक्यावर थांबले की त्या गावचे रेडिओ केंद्र त्या क्षणी जे लावत असेल ते ऐकू येते. नेदरलँड्समधून 2016 साली सुरू झालेले हे स्थळ आमच्या वडिलांना इतके आवडले आहे की सकाळच्या चहाला रोज नवा देश असतो. दुसरे 'नील डॉट फन'. त्यातल्या खोल समुद्राच्या पानावर बोटाने खाली खाली सरकत गेले की त्या त्या खोलीवर राहणारे प्राणी भेटत जातात आणि जवळजवळ 11 किलोमीटरवर तळ लागतो. मजकूर इंग्रजीत असला तरी चित्रांमुळे लहान मुलांचे काही अडत नाही.

काही स्थळे मी महिनाभरात सोडून दिली. ज्यांत दर दोन मिनिटांनी वर्गणीची चौकट उघडते, जी ठिकाणाची परवानगी दिल्याशिवाय पुढे जाऊ देत नाहीत किंवा जी मोबाइलवर उघडताच ॲप घ्यायला लावतात, त्यांची नावेही लक्षात ठेवलेली नाहीत. सातबाऱ्यासारख्या सरकारी कामासाठी मात्र शोधयंत्रात वर आलेल्या पहिल्या दुव्यावर टिचकी मारू नये. पत्त्याच्या शेवटी 'जीओव्ही डॉट इन' आहे ना, ते आधी वाचावे, कारण हुबेहूब दिसणारी खासगी पाने भरपूर आहेत. माहितीसाठी उतारा नुसता पाहणे फुकट आहे आणि डिजिटल स्वाक्षरीचा हवा असेल तर प्रतीला 15 रुपये लागतात. याहून जास्त कोणी मागत असेल तर ते पान बंद करावे.