तिबेटी बोलण्यातला जोर आणि 'प्रात': आठ महिन्यांनंतर

आठ महिने झाले, बहुतेक रात्री मी 'प्रात' उघडते. अ‍ॅम्स्टरडॅम विद्यापीठातल्या पॉल बूर्स्मा आणि डेव्हिड वेनिंक यांचं हे सॉफ्टवेअर फुकट मिळतं आणि आवाजाचा चढउतार रेघेत दाखवतं. मला ते तिबेटी शिकण्यासाठी हवं होतं. गोंदिया जिल्ह्यात गोठणगावजवळ १९७२ साली वसलेली नोर्ग्येलिंग ही तिबेटी निर्वासितांची वसाहत आहे. तिथल्या एका मोलांकडे, म्हणजे आजींकडे, मी बोलायला जाते.

माझं घोडं अडलं होतं ते जोर देण्यावर. मराठीत 'मीच' म्हटलं की काम झालं. तिबेटीत मी नुसता आवाज चढवायचे. "कोण येणार?" असं मोलांनी विचारलं, मी उंच सुरात "ङा!" म्हणाले. त्या म्हणाल्या, "पाच? कसले पाच?" मध्य तिबेटच्या बोलीत खालच्या सुरातला ङा म्हणजे मी, वरच्या सुरातला पाच. लिहिताना पाचातल्या ङ वर ल असतो; उच्चारातून तो गेला, सूर तेवढा मागे राहिला.

मग त्यांना विचारून एकच वाक्य दोनदा रेकॉर्ड केलं: "आमाला-गी खालाग सो-सोंग", आईने जेवण बनवलं. आधी "कोणी बनवलं?" याचं उत्तर म्हणून, मग "काय बनवलं?" याचं. पहिल्यात 'आमाला' जरासा उंच आणि लांब, पण त्यापुढचं सगळं खाली बसलेलं. दुसऱ्यात 'खालाग'पर्यंत आवाज टिकतो आणि क्रियापदावर उतरतो. हे रेघेत दिसेपर्यंत माझ्या कानाला कळलंच नव्हतं. (कर्त्याला लागणारा हा 'गी', एरवी गरज नसते तिथेही भर द्यायला लावतात. म्हणजे 'च'चं थोडं काम तोही करतो.)

तिबेटच्या ईशान्येकडच्या आम्दो भागातून आलेल्या एका लामांचं बोलणंही तपासलं. त्यांच्या बोलीत सुराने शब्द बदलत नाही. पाचाआधी जुन्या व्यंजनाची खूण अजून ऐकू येते. त्यांच्यापुढे माझा उंच ङा चालून गेला.

त्रास एकच: खालच्या सुरात मोलांचा आवाज घोगरा होतो, तिथे रेघ तुटते किंवा भलतीकडे उडते. सूर शोधण्याची खालची मर्यादा कमी केली की बरंचसं सावरतं. पंखा मात्र बंदच ठेवावा.

आता मी उलटी परीक्षा घेते: नुसतं उत्तर ऐकून प्रश्न ओळखायचा. पहिल्या महिन्यात सगळं अंदाजपंचे होतं. हल्ली बहुतेकदा जमतं, कारण जोराच्या शब्दाऐवजी मी त्याच्या पुढचे शब्द ऐकते.