पीटर गॅब्रिएलचे ‘प्ले’: गाण्यांचे दृश्यरूप

ब्रिटिश रॉक गायक पीटर गॅब्रिएल याच्या संगीतचित्रफितींचा ‘प्ले’ हा डीव्हीडी संग्रह २००४ मध्ये प्रकाशित झाला. १९८६ची ‘स्लेजहॅमर’ ही त्यातील सर्वांत गाजलेली चित्रफीत. स्टीफन जॉन्सनच्या दिग्दर्शनाखाली आर्डमन हा अ‍ॅनिमेशन स्टुडिओ आणि क्वे बंधू हे अ‍ॅनिमेशनकार यांनी ती एकेक चौकट टिपत घडवली असून, त्यासाठी गॅब्रिएल काचेखाली सुमारे १६ तास पडून होता. फळे, माती आणि सोललेल्या कोंबड्यांचा नाच (शाकाहारी प्रेक्षकांनी क्षमा करावी) यांतून गाण्याचा ठेका जणू डोळ्यांना दिसू लागतो, आणि संगणकाच्या करामतींना सरावलेल्या आजच्या नजरेलाही त्यातील हाताच्या कामाची किंचित थरथर मोहवते.

मला मात्र ‘डोन्ट गिव्ह अप’ अधिक भावते. गॉडली आणि क्रीम या दिग्दर्शकांनी तिथे गॅब्रिएल आणि गायिका केट बुश यांना केवळ मिठीत उभे केले आहे. मागे सूर्याला ग्रहण लागते, इतकेच. बेकारीने खचलेल्या माणसाच्या या गाण्याला याहून अधिक काही नकोच होते.

चित्रफिती कालक्रमाने लावलेल्या नाहीत, त्यामुळे कलावंताची वाटचाल आपल्यालाच जुळवावी लागते. अभ्यासकाला हे खटकेल.